सातेरीचा थवा पेटीत कसा आणावा आणि कसा टिकवावा

मधमाशीपालन नव्याने सुरू करणाऱ्यांच्या शंका फिरून फिरून दोनच जागी येतात. पहिली : नवी कोरी पेटी आणली, रंग दिला, परसात ठेवली, वर्ष उलटले तरी एक माशी फिरकली नाही. दुसरी : थवा मिळाला, पेटीत घातला आणि आठवड्याच्या आत सगळ्या माश्या उडून गेल्या. या दोन अडचणी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. थवा माणूस पकडतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घर माश्या निवडतात. पेटी कुठे, कधी आणि कशा अवस्थेत ठेवली आहे हे पाहून त्या ती पसंत करतात किंवा नाकारतात; आत आल्यावरही अन्न, निवारा आणि वाढती पिल्ले यांची खात्री पटली तरच राहतात. म्हणून या लेखात पकडण्याच्या युक्त्यांपेक्षा माश्यांच्या निवडीच्या अटींवर भर दिला आहे. त्या अटी कळल्या की पेटीवरचा खर्च आणि तुमची मेहनत, दोन्ही वाया जाणे टळते.

आधी पाहा : तुमच्या भागात सातेरी आहे का?

पेटीत राहणारी माशी म्हणजे मुळात बंद पोकळीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी माशी. झाडाची ढोल, वारूळ, खडकातली कपार, जुन्या भिंतीतली फट ही तिची नैसर्गिक घरे. महाराष्ट्रात ही अट पूर्ण करणारी स्थानिक माशी म्हणजे सातेरी. सह्याद्रीच्या रांगा, कोकण आणि गोवा हा तिचा खास मुलूख. कोरड्या पठारी भागात ती विरळ होत जाते. जिथे सातेरीच नाही तिथे कितीही उत्तम पेटी टांगली तरी थवा येणार नाही, आणि तो दोष पेटीचा नसतो. त्यामुळे खर्च करण्याआधी पाणवठ्यावर आणि फुलोऱ्यावर थोडे दिवस नजर ठेवा आणि पुढील ओळख पटवा.

- आग्या : सर्वांत मोठी माशी. उंच झाड, कडा, इमारतीचा सज्जा किंवा पुलाखाली उघड्यावर एकच मोठे पोळे. ही पेटीत राहत नाही. हिच्या वाटेला जाऊ नका.
- फुलोरी : अगदी लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे. हीसुद्धा पेटीत टिकत नाही.
- सातेरी : मध्यम आकार, पोटावर काळे-पिवळे पट्टे सारख्या अंतराने. पोळी नेहमी आडोशाच्या आत. आपल्या कामाची हीच.
- पोयाची माशी : डंख नसलेली, मुंगीएवढी काळी माशी. पाळता येते, पण तिच्या पेटीची रचना आणि पद्धत निराळी.
- मेलिफेरा : परदेशातून आणलेली, सातेरीहून थोडी मोठी. आपल्याकडे ती बहुधा पाळीव पेट्यांतच दिसते. हिचा थवा फांदीवर लटकलेला दिसला तर तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी पेटीतून सुटलेला असतो.

आग्या मोहोळाबद्दल एक आक्षेप हमखास येतो : त्यात इतका मध असतो, मग तीच पेटीत का घालू नये? कारण सरळ आहे. आग्याची माशी उघड्यावर एका पोळ्याने जगते आणि हंगामानुसार दूरवर स्थलांतर करते. बंद खोक्यात कोंडल्यास ती निघून जाते, आणि कोंडण्याच्या खटाटोपात माणसाचा जीव जाऊ शकतो. हा प्रयोग कुणी करून पाहण्याची गरज उरलेली नाही.

थवा केव्हा सुटतो?

सुटलेला थवा म्हणजे भरभराटीला आलेल्या वसाहतीची वाटणी. फुलोरा जोरात असतो, मकरंद आणि पराग मुबलक येतो, पोळ्यांत जागा उरत नाही, तेव्हा कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला लांबट राणीघरे बांधतात. राणीघराचे तोंड बंद झाले की जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन बाहेर पडते. नव्या राणीची वाढ अंड्यापासून साधारण १६ दिवसांत पूर्ण होते. ती मूळ घर सांभाळते. काही वेळा पाठोपाठ दुसरा, तिसरा लहान थवाही सुटतो आणि त्यात अजून मीलन न झालेली राणी असते. हा फरक पुढे टिकवण्याच्या वेळी कामाला येईल.

कोकण आणि घाटमाथ्यावर दोन काळ लक्षात ठेवण्यासारखे आहेत : पावसाळा सरल्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा मोठा फुलोरा. पण पंचांगापेक्षा स्थानिक खुणा भरवशाच्या असतात. जांभळाला किंवा हिरड्याला कळी धरू लागली, पाणवठ्यावर माश्यांची वर्दळ वाढली, दुपारी जाडसर, मोठ्या डोळ्यांचे नर उडताना दिसू लागले, की हंगाम जवळ आला. तुमची किंवा शेजाऱ्याची सातेरीची पेटी असेल तर पोळे उचलून पाहा. नरांच्या घरांवरचे झाकण कामकरी माश्यांच्या घरांपेक्षा उंच, टोपीसारखे असते आणि सातेरीत त्याच्या बरोबर शेंड्यावर टाचणीने टोचल्यासारखे एक भोक दिसते. अशी घरे वाढली आणि पाठोपाठ कडेला राणीघरे दिसली, तर थवा सुटायला फार दिवस उरलेले नसतात. आमिषाची पेटी याच्या तीन-चार आठवडे आधी जागेवर हवी. थवा उडालेला पाहून पेटी शोधायला धावणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो.

आमिषपेटी : घर पसंत पडण्याच्या अटी

थवा फांदीवर लटकतो तो विसावा असतो. तेवढ्या वेळात शोधकरी माश्या आसपासच्या पोकळ्या पाहून येतात आणि थव्याच्या पृष्ठभागावर नाच करून आपापल्या जागेची शिफारस करतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला थव्यावर नाचणाऱ्या माश्या काजळीने, विटांच्या भुकटीने आणि पिठाने माखलेल्या दिसल्या. फुलांवरून आलेली माशी अशी माखत नाही. म्हणजे त्या घरे धुंडाळून आल्या होत्या. पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी वेगवेगळ्या मापांच्या पेट्या टांगून युरोपीय माशीची पसंती तपासली : सुमारे ४० लिटरची पोकळी, लहान दार, दार पोकळीच्या तळाशी, आणि जमिनीपासून बरीच उंची. सातेरीची वसाहत लहान, त्यामुळे तिला पोकळीही बरीच लहान लागते; पण कोरडी, अंधारी, लहान दाराची आणि जमिनीपासून वर, या अटी तिच्या ढोलींतही दिसतात. तुमची पेटी या अटींना जितकी उतरेल तितकी तिची शिफारस जोरदार.

यावरून पेटी अशी तयार करा :

- आकार : सातेरीसाठीची ८ चौकटींची ए प्रकारची पेटी, फक्त खालचा कक्ष. वरची मधकोठी लावू नका. रिकामी मोठी जागा राखणे लहान थव्याला जड जाते. जुने मातीचे मडके किंवा पोकळ ओंडकाही चालतो, पण त्यातून पोळी पुन्हा चौकटीत बांधावी लागतात. शक्य असेल तर सुरुवातच पेटीने करा.
- वास : नव्या प्लायवुडचा, डिंकाचा आणि तैलरंगाचा वास शोधकरी माश्यांना परतवतो. नवी पेटी काही आठवडे उन्हा-वाऱ्यात राहू द्या. आतून रंग देऊच नका. शुद्ध मेण वितळवून आतल्या भिंतींना आणि चौकटींच्या वरच्या पट्टीला चोळा.
- जुने पोळे : निरोगी वसाहतीतले, मध नसलेले एक जुने काळसर पोळे चौकटीत लावा. मध असेल तर मुंग्या आणि लुटारू माश्या आधी येतील. पोळी जास्त ठेवलीत तर मेणकिडा ती फस्त करील.
- फटी : मेलिफेरा राळ गोळा करून फटी बुजवते, सातेरी ते काम करत नाही. म्हणून झाकण, सांधे आणि कोपरे शेणमातीने किंवा मेणाने तुम्हीच बुजवा. आत उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये.
- दार : बोटभर उंचीहून कमी आणि काही सेंटिमीटर लांबीची एकच फट पुरे. मोठ्या दारातून पाल आणि उंदीर शिरतात.
- जागा : दुपारी सावली, सकाळचे ऊन, वाऱ्यापासून आडोसा, दाराचे तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे. जमिनीपासून पुरुषभर किंवा थोडे अधिक उंच. शिडी लावून सुरक्षित उतरवता येईल एवढेच. जंगलाची कड, देवराई शेजारची बाग, जुने आंबे-फणस असलेले परसू या उत्तम जागा.
- मुंग्या : पेटी घडवंचीवर ठेवत असाल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या, टांगत असाल तर तारेला ग्रीसचा लेप.

गवती चहाच्या तेलाबद्दल बरेच विचारले जाते. या तेलात सिट्रल असते, आणि युरोपीय माशी सोबतिणींना बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्यातही सिट्रल असते; तेलाचा बोलबाला तिथून झाला. दोन-चार थेंब कापसावर घालून पेटीत ठेवायला हरकत नाही. पण गळकी, उजेड शिरणारी पेटी तेलाने घर होत नाही. सातेरीसाठी मुख्य भरवसा जुन्या मेणावर ठेवा. साखरेचे पाणी आमिष म्हणून ठेवणे मात्र चुकीचे : ते अन्न शोधणाऱ्या माश्यांना बोलावते, घर शोधणाऱ्यांना नाही, आणि मुंग्यांची रांग लावते.

एकच पेटी टांगून वाट पाहण्यापेक्षा तीन-चार पेट्या वेगवेगळ्या दिशांना, एकमेकींपासून दोन-तीनशे मीटरवर ठेवा. आठ-दहा दिवसांनी फेरी मारा, कोळ्याची जाळी आणि मुंग्यांची घरटी काढा. दाराशी काही माश्या घिरट्या घालत, आत-बाहेर करत, भिंतीवरून चालत असतील आणि त्यांच्या पायांवर पराग नसेल, तर त्या पाहणी करत आहेत. अशा वेळी पेटी हलवू नका, उघडू नका. पुढे पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जाताना दिसल्या की वसाहत मुक्कामाला आली असे समजा.

फांदीवरचा थवा उतरवताना

लटकलेला थवा तासाभरात उडू शकतो किंवा दोन दिवस थांबू शकतो. निघताना माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला घर नसते, त्यामुळे ताजा थवा बराच शांत असतो. पण दोन दिवस उपाशी लटकलेला, पावसात भिजलेला किंवा कुणी दगड मारलेला थवा चिडका असतो. शांत असतो म्हणून बुरख्याशिवाय जाणे हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे.

1. खात्री करा. घोसात पोळे आहे की नुसत्या माश्या? पोळे असेल तर तो थवा नाही, मोहोळ आहे. माशी सातेरीच आहे ना, हे थोड्या अंतरावरून पाहा.
2. तयारी ठेवा. बुरखा, हातमोजे, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पाण्याचा फवारा, पुठ्ठ्याचे खोके किंवा सुती पिशवी, एक जुनी चादर, आणि सोबतीला एक जण.
3. हलके पाणी फवारा. बारीक तुषारांनी माश्या घट्ट गोळा होतात, उडत नाहीत. पाण्याचा झोत मारू नका. इथे धूरही नको. फार धुराने थवा उठून जातो.
4. खोके घोसाला अगदी खालून भिडवा आणि फांदीला एकच जोराचा झटका द्या. फांदी लहान असेल तर मालकाला विचारून ती सावकाश कापून खोक्यात ठेवा. खोडावर किंवा भिंतीवर थवा असेल तर पिसाने किंवा पानाच्या डहाळीने हळूहळू आत लोटा.
5. खोके चादरीवर उपडे ठेवा, एका कडेखाली दगड ठेवून फट सोडा आणि सावली करा. आता दाराकडे पाहा. काही माश्या कडेवर डोके आतल्या बाजूला करून, पोट वर उचलून पंख फडफडवू लागल्या तर राणी आत आहे. त्या बाकीच्यांना बोलावत आहेत. उलट माश्या पुन्हा फांदीकडे जाऊ लागल्या तर राणी वरच राहिली आहे. पुन्हा झटका द्या.
6. तिन्हीसांजेपर्यंत थांबा. लगेच उचललेत तर शोधकरी माश्या मागे राहतात. अंधार पडल्यावर तोंड जाळीदार कापडाने बांधून कायमच्या जागी न्या आणि पेटीत सोडा.

स्थिर वसाहत थोड्या अंतरावर हलवली तर माश्या जुन्या जागी परततात, म्हणून ती एक तर थोडी थोडी सरकवावी लागते, नाही तर काही किलोमीटर दूर न्यावी लागते. थव्याला हा नियम लागू नाही. घर सोडताना त्याने जुना पत्ताही सोडलेला असतो, त्यामुळे त्याच दिवशी शेजारच्या परसातही तो ठेवता येतो. नव्यांना थवा सोपा वाटतो त्याचे हे एक खरे कारण आहे.

पहिले पंधरा दिवस

सातेरी घर सोडून जाण्याबद्दल प्रसिद्ध आहे. हा तिचा लहरीपणा मानला जातो, पण तिचे जाणे बहुतेक वेळा कारणाशिवाय नसते. अन्न संपणे, ऊन, मुंग्या, मेणकिडा, गांधीलमाश्यांचे हल्ले आणि वरचेवर पेटी उघडणे ही नेहमीची कारणे. रिकाम्या पेटीतल्या थव्याजवळ गमावण्यासारखे काहीच नसते. पोळ्यात अंडी-अळ्या आल्या की त्याला सोडून जाणे महागात पडते. म्हणून पहिल्या पंधरवड्याचे सगळे काम एका दिशेने व्हायला हवे : राणीने लवकरात लवकर अंडी घालावीत.

- पिलाव्याची चौकट : दुसरी निरोगी सातेरीची पेटी असेल तर अळ्या असलेली एक चौकट थव्याला द्या. थवा थांबवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. मेलिफेराच्या चौकटी चालणार नाहीत.
- मेणपत्रा : चौकटींच्या वरच्या पट्टीला मेणपत्र्याची दोन बोटे रुंद पट्टी लावा. थव्यातल्या माश्या मेण गाळण्याच्या भरात असतात. पोळी सरळ चौकटीतच उतरतील.
- खुराक : साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेला पाक, रोज संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर सांडू देऊ नका. सांडलेल्या पाकाने लूट सुरू होते. बाहेर फुलोरा चांगला असेल तर आठवडाभर पुरे.
- क्वीन गेट : कामकरी माशी जाऊ शकेल पण राणी अडेल अशा फटींची पट्टी दारावर लावतात. ती चार-पाच दिवसांपुरती, आणि जुन्या राणीच्या पहिल्या थव्यालाच लावा. लहान मागाहूनच्या थव्यातली कुमारी राणी मीलनासाठी बाहेर जाऊ शकली नाही तर वसाहत बुडते. पट्टीमुळे नरही आत अडकतात.
- पाहणी : पहिले तीन दिवस पाक देण्यापलीकडे झाकणाला हात लावू नका. सातव्या-आठव्या दिवशी एकदाच पाहा. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, उभे अंडे दिसले तर राणी जुनी आहे आणि कामाला लागली आहे. अंडी नसतील तर राणी कुमारी असू शकते; तिला एकूण तीन आठवड्यांपर्यंत वेळ द्या.
- तळपाट : सातेरी जुनी पोळी कुरतडून भुगा खाली टाकते आणि त्याच भुग्यात मेणकिडा वाढतो. दर आठवड्याला तळपाट पुसून घ्या.

तीन आठवड्यांनंतरही अंडी नसतील, किंवा एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसत असतील, तर राणी नाही. अशी वसाहत एकटी सावरत नाही. ती राणी असलेल्या दुसऱ्या वसाहतीत मिसळणे हाच शहाणपणा.

रोगाची शंका इथेच फेडून घ्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यात अळी घरात ताठ होऊन मरते आणि चिमट्याने उचलली तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी निघते. बाहेरून आलेला थवा त्यामुळे पहिला महिनाभर तुमच्या इतर पेट्यांपासून दूर ठेवा, त्याच्या चौकटी दुसरीकडे फिरवू नका, आणि अशी अळी दिसली तर लगेच तज्ज्ञाला दाखवा.

ढोलीतले मोहोळ काढून पेटीत बांधू का?

हा मार्ग जुना आहे आणि अनेक मधपाळांनी सुरुवात तशीच केली आहे. ढोल उघडायची, पोळी कापायची, केळीच्या सोपाने चौकटीत बांधायची आणि राणी शोधून आत सोडायची. जाणत्या हाताला हे जमते. प्रश्न जमण्या-न जमण्याचा नाही, नफ्या-तोट्याचा आहे. नवख्याच्या हातून पोळी चिरडतात, मध पिलाव्यावर सांडतो, मुंग्या लागतात आणि राणी सापडली नाही तर सगळे हातचे जाते. शिवाय ढोलीतली सुखरूप वसाहत चांगल्या वर्षी थवा सोडते आणि तिचे नर आसपासच्या राण्यांच्या मीलनाला येतात. ती उपटलीत तर एक पेटी भरते, पण पुढच्या वर्षीच्या थव्यांचा उगमच बंद होतो. थवा घेतल्याने मात्र मूळ घर मागे शाबूत राहते. म्हणून नियम असा ठेवा : झाड तोडले जाणार आहे, भिंत पाडली जाणार आहे किंवा मोहोळावर औषध फवारले जाणार आहे, अशा वेळीच मोहोळ काढा, तेही जाणत्या मधपाळाला सोबत घेऊन. बाकी ढोली थव्यांचे झरे म्हणून राखा.

मग वसाहत विकत घेतलेली काय वाईट?

काही वाचकांसाठी ते बरेच आहे, हे मान्य केले पाहिजे. या हंगामात डाळिंब, सूर्यफूल किंवा कांदा-बियाण्याच्या परागीभवनासाठी भरपूर पेट्या हव्या असतील तर थव्याची वाट पाहणे परवडणार नाही; भरलेल्या पेट्या विकत किंवा भाड्याने घ्या. एकाच पेटीतून जास्त मध हवा असेल तर मेलिफेराचा आकडा मोठा असतो. सातेरीची पेटी चांगल्या भागात वर्षाला साधारण ५ ते १० किलो देते. पण मेलिफेराला सलग मोठा फुलोरा लागतो, पेट्या घेऊन फुलामागे फिरावे लागते आणि वरोआ नावाच्या गोचिडीवर सतत उपाय करावे लागतात. वरोआ मुळात सातेरीच्याच जातीवरचा. सातेरी त्याच्यासोबत जगायला शिकली आहे. घाटातल्या किंवा कोकणातल्या एका जागी, दोन-चार पेट्या ठेवून शेतीला आणि घराला हातभार लावू पाहणाऱ्यासाठी स्थानिक सातेरी जास्त सोयीची, आणि तिची सर्वांत स्वस्त सुरुवात म्हणजे थवा.

तिसरा मार्ग विभाजनाचा. राणीघरे दिसू लागली की भरलेल्या पेटीचे स्वतःच दोन भाग करायचे. थव्याच्या नशिबावर न राहता संख्या वाढवण्याचा हा सर्वांत भरवशाचा उपाय, पण त्यासाठी आधी एक बळकट वसाहत हाताशी हवी आणि राणीघर, अंडी, नर हे सगळे ओळखता यायला हवे. थव्याची पेटी सांभाळताना नेमके तेच शिकून होते. त्यामुळे पहिली वसाहत थव्यातून आणि पुढच्या विभाजनातून, हा क्रम नवख्याला सर्वांत कमी धोक्याचा आहे.

परवानगी, कायदा आणि तुमचे हक्क

- खासगी जमीन : झाड, भिंत किंवा बाग ज्याची, त्याची परवानगी आधी. आमिषपेटी टांगायलाही ती लागते. थवा कुणाच्या पेटीतून उठला हे दिसत असेल तर त्या मधपाळाला विचारल्याशिवाय उचलू नका.
- वनक्षेत्र : भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातला मध आणि मेण हे वनोपज आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय मोहोळ काढणे गुन्हा ठरू शकतो. पेटी टांगण्याआधीही वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.
- अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान : कोयना, चांदोली, राधानगरी यांसारख्या क्षेत्रांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे आणि नियम अधिक कडक आहेत. तिथे थव्याचा नाद सोडा.
- वनहक्क : २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुसूचित जमाती आणि पारंपरिक वननिवासी यांना ते गोळा करण्याचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. तुमच्या गावाला सामूहिक हक्क मिळाले असतील तर ग्रामसभेचा ठराव पाहून पुढे जा.
- प्रशिक्षण आणि अनुदान : महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते आणि साहित्यासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. चौकशी जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्याकडे करा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावातही हा उपक्रम आहे. सातेरी सांभाळणारे हात पाहायचे असतील तर या गावांना भेट देणे उपयोगाचे.

कोणता थवा सोडून द्यावा

- विजेच्या तारांजवळचा, विहिरीवर कललेल्या फांदीवरचा किंवा दोन माणसांच्या शिडीपलीकडचा.
- ज्यावर कीटकनाशक फवारले गेले आहे असा. तो पेटीत आणून वाचत नाही.
- नारळाहून लहान आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुटलेला. दुसऱ्या वसाहतीत मिसळायची सोय असेल तरच घ्या.
- तुम्हाला किंवा सोबत्याला याआधी डंखाने अंगभर पित्त उठले असेल, श्वास कोंडला असेल, तर कोणताही थवा. डंखानंतर ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा. साधा डंख असेल तर काटा नखाने खरवडून लगेच काढा आणि तिथून दूर व्हा. डंखाबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना चिथावतो.

यश कशावर मोजाल?

थवा पेटीत शिरला त्या दिवशी बहुतेक जण काम फत्ते मानतात, आणि इथेच हिशेब चुकतो. सह्याद्रीत सातेरीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. सततच्या पावसात माश्या बाहेर पडू शकत नाहीत, साठा संपतो आणि भुकेली वसाहत पेटी सोडते. त्यामुळे पहिल्या हंगामात मध काढू नका. तो त्यांच्या पावसाळ्यासाठी राहू द्या. जूनच्या आधी झाकणावर पाणी उतरेल असे आच्छादन करा, रिकामी पोळी काढून घेऊन वसाहत भरलेल्या चौकटींवर आवळा, आणि उघडीप मिळेल तेव्हा पाक देत राहा. ऑक्टोबरात पेटी उघडल्यावर ताजी अंडी दिसली तर थवा खऱ्या अर्थाने तुमचा झाला. त्यानंतरच्या फुलोऱ्यात पहिला मध काढा, राणीघरे दिसू लागली की वसाहतीचे दोन भाग करा, आणि रिकाम्या पेट्या मेण चोळून पुन्हा बांधावर टांगा. दोन वर्षे नीट पेट्या टांगूनही एकही थवा आला नाही, तर तुमच्या भागात सातेरी पुरेशी नाही असे समजा आणि विकत घेण्याचा किंवा पोयाच्या माशीचा पर्याय विचारात घ्या.